बारावा संघ आणि तेरावा संघ

३० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या कोलंबस शहरात लाखभर प्रेक्षकांसमोर ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला. सट्टेबाजांनी ओहायो स्टेटला जवळपास २० गुणांनी वरचढ ठरवलं होतं. मिशिगननं तोवरच्या अकरा सामन्यांपैकी पाच गमावले होते. सात आठवडे उलटले आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात तोच ओहायो स्टेट नोटर डेमला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला.

यातला कोणता निकाल खरा मानायचा? ‘दोन्ही खरे’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्यानं समाधान होत नाही. अमेरिकेत सध्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये किती संघ घ्यायचे यावर जो कडाक्याचा वाद चालू आहे, त्याचं मूळ या अस्वस्थतेत आहे. आता बारा संघ असतात. सोळा करा म्हणणारे आहेत, चोवीस करा म्हणणारेही आहेत. हा वाद वरवर खेळाचा आणि पैशाचा दिसतो. माझ्या मते तो आधी मोजमापाचा आहे. थोडक्या आणि बेभरवशाच्या पुराव्यावरून सर्वोत्तम कोण हे ठरवायचं कसं, हा प्रश्न संख्याशास्त्राला नवा नाही.

खेळाची ओळख आधी करून घेऊ. हा अमेरिकी फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धडका मारत खेळायचा. कॉलेजांच्या सर्वोच्च स्तरावर २०२५ च्या हंगामात १३६ विद्यापीठांचे संघ होते. हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारण बाराच सामने खेळतो. आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शरीराला झेपतच नाही.

आता हिशेब करा. १३६ संघांच्या संभाव्य जोड्या होतात ९१८०. प्रत्यक्षात होणारे सामने जास्तीत जास्त ८१६. म्हणजे शंभरातल्या नऊ जोड्याही कधी समोरासमोर येत नाहीत. त्यातही बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्समध्येच होतात. संघ म्हणजे ठिपके आणि सामने म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा असं चित्र काढलं, तर दाट गुंतलेले काही पुंजके दिसतील आणि त्यांच्यामधे मोजकेच बारीक धागे. एका पुंजक्यातल्या अव्वल संघाची दुसऱ्या पुंजक्यातल्या अव्वल संघाशी तुलना करायची, तर ती त्या धाग्यांवरूनच करावी लागते.

बरं, रेषा असली तरी उत्तर मिळेलच असं नाही. २००८ मध्ये टेक्सासनं ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं, टेक्सास टेकनं टेक्सासला ३९-३३ असं हरवलं आणि ओक्लाहोमानं टेक्सास टेकला ६५-२१ असं धुतलं. एकाच गटातले तिघेही एकेक सामना हरलेले, वर्तुळ पूर्ण. त्या वेळच्या क्रमवारीनं ओक्लाहोमाला पुढे काढलं. टेक्सासचे चाहते ‘४५-३५’ हा आकडा दाखवत राहिले आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. ‘अ’नं ‘ब’ला आणि ‘ब’नं ‘क’ला हरवलं म्हणजे ‘अ’ हा ‘क’पेक्षा भारी, हे वजनांच्या बाबतीत खरं असतं. फुटबॉलच्या निकालांना तो नियम लागू नाही.

एका सामन्याच्या निकालात नशिबाचा वाटा किती, हेही मोजता येतं. हाल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे, म्हणजे एनएफएलचे, निकाल तपासले. सट्टेबाजारानं वर्तवलेला फरक आणि प्रत्यक्षातला फरक यांतली तफावत घंटाकृती वक्रावर बसते आणि तिचं प्रमाण विचलन जवळपास १४ गुण असतं, असं त्याला आढळलं. सोप्या भाषेत, सात गुणांनी सरस असलेला संघ साधारण ७० टक्के वेळाच जिंकतो. २० गुणांनी सरस असलेला संघसुद्धा साधारण तेरा सामन्यांत एकदा हरायचाच. मिशिगनचा तो निकाल चमत्कार नव्हता. त्या शनिवारी चिठ्ठी त्यांची निघाली, इतकंच.

हे चौदा गुण लक्षात ठेवा, पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

१९९८ ते २०१३ पर्यंत मतदान आणि संगणकी क्रमवारी यांच्या मिश्रणातून फक्त दोन संघ निवडले जात आणि त्यांच्यात अंतिम सामना होई. २००४ मध्ये ऑबर्नचा संघ एकही सामना न हरता बाहेर राहिला. २०१४ च्या हंगामापासून एक निवड समिती चार संघ निवडू लागली, तरी रडगाणं थांबलं नाही. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाचा संघ नियमित हंगामात अपराजित होता, पण समितीनं त्याला बाराव्या क्रमांकावर ठेवलं. पुढे त्यानं ऑबर्नला हरवलं, आणि त्याच ऑबर्ननं हंगामात जॉर्जिया आणि अलाबामा या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना हरवलं होतं! २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराही सामने जिंकूनही वगळला गेला, कारण त्याचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, जायबंदी होता. २०२४ पासून बारा संघ झाले. २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत कॉन्फरन्स विजेत्यांपैकी वरच्या क्रमांकाचे पाच थेट आत, बाकीचे सात समितीच्या पसंतीनं, आणि पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसऱ्या फेरीत प्रवेश, अशी पद्धत होती.

संघ वाढवले की दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. खरा सर्वोत्तम संघ निवडीतून सुटण्याची भीती कमी होते. पण त्याला विजेतेपदासाठी जिंकावे लागणारे सामने वाढतात. समजा, सर्वोत्तम संघ प्लेऑफमधल्या कुठल्याही प्रतिस्पर्ध्याला ७५ टक्के वेळा हरवतो. मग एक सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के, लागोपाठ दोन जिंकण्याची ५६, तीनची ४२ आणि चारची अवघी ३२. आता निवडीची बाजू. समजा, दोनच संघ निवडले तर त्यात खरा सर्वोत्तम असण्याची शक्यता ६० टक्के, चारांत ८०, बारांत ९७. गुणाकार करा. दोन संघांच्या पद्धतीत सर्वोत्तम संघ विजेता होण्याची शक्यता ४५ टक्के येते, चारांतही ४५, आणि बारांत पुढे चाल मिळाली असेल तर ४१. सोळा संघ घेतले तर चार सामने जिंकावे लागतात. चोवीस घेऊन पहिल्या आठांना पुढे चाल दिली तरी चारच. दोन्हीकडे आकडा ३२ च्या वर जात नाही.

हे टक्के मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही वेगळे धरा, आकडे हलतील, पण वक्राचा आकार फारसा बदलणार नाही. सुरुवातीला थोडी वाढ किंवा सपाटी, मग उतार. ‘जास्त संघ म्हणजे जास्त न्याय’ हे वाक्य कुठेतरी चार ते बाराच्या दरम्यान खरं असायचं थांबतं.

दुसरी गंमत आहे ती सीमारेषेची. १३६ संघांची ताकद घंटाकृती वक्रावर मांडली, तर अगदी टोकाला गर्दी विरळ असते आणि आत येऊ तशी दाटी होत जाते. संघांच्या ताकदीचं प्रमाण विचलन १२ गुण धरलं, तर पहिल्या आणि दुसऱ्या संघात सरासरी चारेक गुणांचं अंतर पडतं. चौथ्या आणि पाचव्यात सव्वा गुणाचं. बाराव्या आणि तेराव्यात जेमतेम अर्ध्या गुणाचं. आणि मोजायची फुटपट्टी कशी, तर एका सामन्यात चौदा गुणांची चूक करणारी. बारा सामन्यांची सरासरी घेतली तरी चूक चार गुणांची उरते. अर्ध्या गुणाचा फरक ओळखायचा म्हटलं तर किमान साडेसातशे सामने खेळवावे लागतील. दर शनिवारी एक धरला तर पंधरा वर्षं.

त्यामुळे समिती बंद खोलीत बसून बारावा कोण आणि तेरावा कोण हे जेव्हा ठरवते, तेव्हा ती मोजत नसते, मत देत असते. २०२५ च्या शेवटी याचं चोख उदाहरण मिळालं. नोटर डेम समितीच्या यादीत कित्येक आठवडे मायामीच्या वर होता. शेवटच्या शनिवार-रविवारी दोघांपैकी कुणीच खेळलं नाही, तरी अंतिम यादीत मायामी दहावा आणि नोटर डेम अकरावा! मायामीनं हंगामाच्या सुरुवातीला नोटर डेमला २७-२४ असं हरवलं होतं, हे समितीला तेव्हा महत्त्वाचं वाटलं. अकरावी आणि बारावी जागा खालच्या क्रमांकाच्या कॉन्फरन्स विजेत्यांकडे गेल्यानं नोटर डेम बाहेर राहिला. मायामी मात्र पार अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि इंडियानाकडून २७-२१ असा हरला.

सोळा संघ केल्यानं हा वाद मिटेल, असं वाटणाऱ्यांनी वक्राकडे पुन्हा एकदा पाहावं. सोळाव्या आणि सतराव्यातलं अंतर आणखी कमी आहे. वाद तेवढाच तावातावानं होईल, फक्त तो ज्यांच्याबद्दल होईल ते संघ सर्वोत्तम असण्याची शक्यता नगण्य असेल.

विस्ताराच्या बाजूनं ओहायो स्टेटचं नाव हमखास पुढे येतं. समितीच्या यादीत तो सहावा होता, जुन्या चार संघांच्या पद्धतीत त्याला दारातही उभं केलं नसतं, आणि तो तर विजेता झाला. मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून चार कमी पडत होते एवढंच सिद्ध होतं. बारा कमी पडतात हे नाही. दहाव्या मायामीचंही तेच, तो बाराच्या आतच होता.

जाता जाता एक इशारा. गेल्या दोन हंगामांत पुढे चाल मिळालेल्या आठ संघांपैकी पहिला सामना फक्त एकानं जिंकला, २०२५ च्या हंगामातल्या इंडियानानं. तीन-चार आठवडे नुसतं बसून खेळाडू गंजतात, असा निष्कर्ष लगेच काढला गेला. असेलही. पण २०२४ मधले बॉइसी स्टेट आणि ऍरिझोना स्टेट हे समितीच्या यादीत नववे आणि बारावे होते. कॉन्फरन्स जिंकल्यामुळे नियमानं त्यांना तिसरं-चौथं मानांकन मिळालं होतं. ते हरले यात गंज कसला? उरले सहा सामने. सहा सामन्यांवर सिद्धांत उभारायचा मोह क्रीडा वाहिन्यांना होतो, आपण तो आवरलेला बरा.

नशिबाचा वाटा कमी करायचे इतर मार्ग दुसऱ्या खेळांना ठाऊक आहेत. २०११ पासून आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना प्लेऑफमधली एक हार माफ असते. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये सात सामन्यांची मालिका खेळवतात. एका सामन्यात ६० टक्के शक्यता असलेला संघ अशा मालिकेत ७१ टक्क्यांपर्यंत जातो. फुटबॉलला हे परवडत नाही, कारण इथे प्रत्येक सामन्याची किंमत मेंदू मोजतो.

हे शब्दशः घ्यायचं. धडकांनी होणाऱ्या सीटीई या मेंदूच्या ऱ्हासाचा अभ्यास बॉस्टन विद्यापीठात अनेक वर्षं चालू आहे. २०१७ च्या तिथल्या एका शोधनिबंधात कॉलेज स्तरापर्यंत खेळलेल्या ५३ मृत खेळाडूंपैकी ४८ जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांनी बहुधा आधीच लक्षणं पाहिलेली असतात, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. पण २०२३ मध्ये ६३१ खेळाडूंच्या मेंदूंवरून निघालेला निष्कर्ष जास्त बोलका आहे. किती वेळा कन्कशन, म्हणजे मेंदूला निदान होण्याजोगा हादरा, झालं यापेक्षा आयुष्यभरात डोक्यानं एकूण किती आणि किती जोराच्या धडका झेलल्या, यावर धोका ठरतो. म्हणजे निदान न होणाऱ्या किरकोळ धडकाही जमा होत जातात. २०२४ मध्ये ओहायो स्टेट १६ सामने खेळला, २०२५ मध्ये इंडियानाही १६. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांचा हंगाम आता एनएफएलच्या १७ सामन्यांच्या नियमित हंगामाला टेकला आहे. वाढवलेली प्रत्येक फेरी या बेरजेत भर घालते. प्रक्षेपणासाठी २०२६ पासूनच्या सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर मोजणारी ईएसपीएन ही क्रीडा वाहिनी ही बेरीज करत नाही.

मग संघ वाढवूच नयेत का? माझं मत असं की किती, यापेक्षा कोणते, हे विचारावं. बलाढ्य कॉन्फरन्समधला चौथा-पाचवा संघ आत घेतला तर नवी माहिती जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण तो वरच्या संघांशी किंवा त्यांना हरवणाऱ्यांशी आधीच खेळलेला असतो. उलट २०१७ च्या सेंट्रल फ्लोरिडासारखा संघ, ज्याच्याकडे वरच्या पुंजक्यांशी जोडणारे धागे अगदीच मोजके, त्याचा एक सामना पुष्कळ काही सांगून जातो. २०२५ मध्ये ट्युलेन ४१-१० आणि जेम्स मॅडिसन ५१-३४ असे पहिल्याच फेरीत हरले तेव्हा ‘यांना कशाला घेता’ असा गलका झाला. मला तो पटला नाही. ते हरले म्हणजे प्रश्न विचारला गेला आणि उत्तर मिळालं. २०१७ मध्ये प्रश्नच विचारला गेला नव्हता. म्हणून पाच कॉन्फरन्स विजेत्यांची जागा राहावी, समितीच्या पसंतीचे सात पुरेत, आणि आणखी धागे हवे असतील तर ते डिसेंबरात नव्हे, सप्टेंबरमध्ये विणावेत. हंगामाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे तगडे संघ जितके भिडतील तितका समितीचा अंदाज सुधारेल, आणि त्यासाठी एकही जादा सामना लागणार नाही.

घडतंय मात्र उलटं. बारापैकी नऊ सामने कॉन्फरन्समध्येच खेळायचे, हा बिग टेन या बलाढ्य कॉन्फरन्सचा रिवाज २०२६ पासून तितक्याच बलाढ्य साउथईस्टर्न कॉन्फरन्सनंही स्वीकारला आहे. बाहेरच्यांसाठी उरले तीन, आणि त्यातले काही दुबळ्या संघांना हरवून विजय वाढवण्यात जातात. १९२६ पासूनची नोटर डेम आणि सदर्न कॅलिफोर्निया यांची लढतही २०२५ नंतर तूर्त थांबली आहे.