पित्तनलिकेचा जोड: यकृत प्रत्यारोपणाचं जुनं दुखणं

पुण्यात यकृत प्रत्यारोपण आता नवलाचं राहिलेलं नाही. सातारा, सोलापूरकडचे रुग्ण त्यासाठी इथे येतात. ब्रेन डेड दात्याचं यकृत आणायला ग्रीन कॉरिडॉर होतो, त्याची बातमीही येते. पण डिस्चार्जनंतर काही महिन्यांनी अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे दिसतात आणि रुग्णाला परत दाखल करावं लागतं, तेव्हा घरचे हबकतात. दुखणं पुष्कळदा पित्तनलिकेच्या, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीच्या, जोडात असतं.

हे दुखणं या शस्त्रक्रियेइतकंच जुनं. अमेरिकी सर्जन थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये डेन्व्हरला पहिलं मानवी यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण लहान मूल होतं; ते वाचलं नाही. 1967 पासून रुग्ण जगू लागले, तरी पित्त वाहून न्यायचं कसं हा प्रश्न सुटेना. पित्ताशय थेट आतड्याला जोडलं, तर आतड्यातले जंतू वर चढत. केंब्रिजला सर्जन रॉय काल्न यांनी पित्ताशय दात्याच्या आणि रुग्णाच्या पित्तनलिकांच्या मध्ये बसवून पाहिलं. त्यात गाळ आणि खडे साचत. शेवटी दोन पद्धती टिकल्या: नळीला नळी जोडणं, किंवा लहान आतड्याचा पदर वर घेऊन त्यात नळी शिवणं. ही दुसरी स्वित्झर्लंडचे सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते.

खरी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. यकृताला पोर्टल शीर आणि धमनी अशी दोन्हीकडून रक्त मिळतं; पित्तनलिकेची भिस्त मात्र धमन्यांवरच. त्यातही खालून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या यकृत काढतानाच कापल्या जातात. म्हणून सर्जन नळीभोवतालच्या ऊती खरवडत नाहीत आणि कापलेल्या टोकातून ताजं रक्त येतंय ना, हे टाके घालण्याआधी पाहतात. रक्त कमी पडलं की जोड गळतो किंवा पुढे आकसतो. गळती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या (ड्रेनच्या) पिशवीत पित्ताचा रंग दिसतो.

आपल्याकडे 1994 च्या कायद्याने अवयवदानाला चौकट मिळाली, 1998 मध्ये दिल्लीत जिवंत दात्याच्या यकृताचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, आणि पुढे घरच्याच माणसाने यकृताचा भाग देण्याची वाट रुळली. पण त्या भागाच्या नळ्या जेमतेम काही मिलिमीटरच्या, कधी दोन-तीन वेगवेगळ्या. त्यामुळे जोडाचा त्रास यात अधिक आढळतो. दात्याच्याही कापलेल्या यकृतातून पित्त गळू शकतं, आणि हे घरच्यांना आधी स्पष्ट सांगायलाच हवं.

पूर्वी असा बिघाड म्हणजे पुन्हा पोट उघडणं. आता बहुतेकदा ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेऊन, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) घालतात. प्लास्टिकचे स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावे लागतात आणि हे वर्षभर चालू शकतं. सोलापूरहून येणाऱ्या घराने या फेऱ्यांचा खर्च सुरुवातीलाच धरलेला बरा.