वस्तऱ्यावरचा निळा डाग

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमधले काका मला गेली वीस वर्षं एकच गोष्ट सांगतायत, वस्तरा गरम पाण्यात बुडवायचा नाही, धार उतरते. आता ते स्वतः अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरतात, एक गिऱ्हाईक झालं की ब्लेड टाकून द्यायचं, त्यामुळे धार उतरली काय नि चढली काय. पण धोकटी घेऊन घरोघरी फिरलेल्या त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलंय म्हटल्यावर वाद संपला. तर हे चूक आहे, आणि गंमत म्हणजे अर्धंच चूक आहे. उष्णतेने वस्तऱ्याची धार कायमची जाऊ शकते, फक्त उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना जात नाही. कितीला जाते ते मला दीडशे रुपये घालवून कळलं.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गोणपाटावर नळाच्या तोट्या, पाने, किल्ल्या हरवलेली कुलपं असा सगळा संसार मांडलेला होता आणि त्यात तीन वस्तरे. दोन तर गंजून एकजीव झालेले, तिसऱ्याच्या शेपटावर, म्हणजे मुठीजवळच्या धार नसलेल्या भागावर, घासून बघितलं तर शेफिल्ड अशी अक्षरं दिसली, म्हणजे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं इंग्लंडमधलं शहर. तीनशे म्हणाला, दीडशेला दिला. घरी धीर कुठला धरवतोय, दुसऱ्याच दिवशी भांड्यांना बफिंग करून देणाऱ्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या चाकावर घासून चमकवणाऱ्या एका दुकानात नेला आणि म्हटलं चमकवून द्या. पाच मिनिटांत आरशासारखा झाला. फक्त टोकाकडे, अगदी धारेला लागून, नखाएवढा एक पट्टा होता, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा आणि कडेला मोरपंखी निळा. बफिंगवाला खूश, म्हणाला, "साहेब, कलर पण आला बघा."

तो कलर म्हणजे वस्तऱ्याचा मृत्यूचा दाखला होता. का ते सांगायला जरा लोखंडाच्या पोटात शिरावं लागेल.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन एवढं शाळेत झालेलं असतं. वस्तऱ्याच्या पोलादात हा कार्बन साधारण १ टक्का. आता साध्या तापमानाला लोखंडाचे अणू कसे बसलेले असतात, तर घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि पोटात मधोमध एक. या मांडणीत कार्बनला बसायला जागा जवळजवळ नाहीच, फार तर ०.०२ टक्के. पण हेच लोखंड ७२७ अंशांच्या वर लाल होईपर्यंत तापवलं की अणू मांडणी बदलतात, पोटातला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक येतो. या मांडणीत कार्बन आरामात मावतो, पुरेसं तापवलं तर २ टक्क्यांपर्यंत. म्हणजे गरम असताना विरघळलेला, थंड झाल्यावर नकोसा, साखरेच्या पाकासारखंच.

पाक सावकाश थंड झाला की साखर खडे धरते, तसं पोलाद सावकाश थंड केलं तर कार्बन निवांत बाहेर पडून लोखंडाबरोबर वेगळे पापुद्रे करतो आणि पोलाद मऊ राहतं. पण लाल तापलेलं पातं एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं तर? आपल्याकडे लोहार कोयत्याला "पाणी देतो" तेच हे. इथे कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, लोकल दादरला थांबली पण उतरायच्या आत सुटली अशी अवस्था. अणूंची मांडणी बदलून परत पहिल्यासारखी व्हायला बघते पण आत कार्बन अडकलेला, त्यामुळे घन सरळ घन राहत नाही, एका दिशेने ताणला जाऊन उभट डब्यासारखा होतो. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स नावाच्या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून. धातू मऊ असतो म्हणजे त्याच्यातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकतात, आणि इथे सगळी जाळीच वेडीवाकडी ताणलेली असल्यामुळे घसरणं मुश्किल. म्हणून कडक.

कडक, पण काचेसारखं. असा वस्तरा हातातून पडला तर तुकडेच व्हायचे. म्हणून पाणी दिल्यावर तो परत थोडासा तापवतात, साधारण २०० अंशांच्या आसपास, म्हणजे अडकलेल्यातला थोडा कार्बन बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो, कडकपणा किंचित उतरतो आणि चिवटपणा येतो. सगळी कारागिरी या "थोडा" शब्दात आहे. जास्त तापवलं तर जास्त कार्बन बाहेर पडतो, आणि एकदा पडला की थंड झाल्यावर आत परत जात नाही. काकांच्या गरम पाण्याचं उत्तर इथेच मिळतं, जे पातं कारखान्यात २०० अंश सोसून आलंय त्याला १०० चं काय. उकळत्या पाण्याने फार तर गंज चढेल.

शेफिल्डच्या कारागिरांकडे थर्मामीटर नव्हता, ते रंग बघायचे. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवलं की वर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो, मायक्रॉनचा काही शतांश भाग, म्हणजे पन्नासेक नॅनोमीटर समजा. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग कटतात, काही उरतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर इंद्रधनुष्य दिसतं ना, तेच. तापमान वाढेल तसा पापुद्रा जाड होतो आणि रंग सरकतो: २२५ च्या आसपास गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. पिवळ्यावर थांबलात तर वस्तरा, निळ्यावर थांबलात तर स्प्रिंग. जुन्या घड्याळांचे निळे काटे आणि निळे स्क्रू असे मुद्दाम तापवून केलेले असतात. माझ्या वस्तऱ्याच्या धारेची त्या दुकानात स्प्रिंग झाली. आणि रंग पॉलिशने पुसता येतो, मऊपणा नाही पुसता येत, म्हणून ऑनलाइन आरशासारखे लखलखीत जुने वस्तरे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

पण पाच मिनिटांच्या बफिंगने ३०० अंश कसे होतील, पातं तर हातात धरवत होतं? इथे धारेचा पातळपणा नडतो. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी कोरून पोकळ केलेलं असतं, धारेजवळ जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. आता १० मिमी लांब, २ मिमी रुंद आणि ०.१ मिमी जाड पट्टा घ्या, २ घन मिमी, वजन सोळा मिलिग्रॅम. पोलादाची विशिष्ट उष्णता ग्रॅमला अंदाजे ०.५ ज्यूल, म्हणजे हा पट्टा २५० अंशांनी तापवायला लागतात २ ज्यूल. पाण्याचा भरलेला पेला मीटरभर वर उचलायला लागतात तेवढेच! थोडी उष्णता मागच्या जाड भागाकडे पळते खरी, पण मोटर काही शे वॉटची असते, चाक एक सेकंद एका जागी थांबलं तरी खेळ खलास.

अवांतर, पण राहवत नाही. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉर्ज पिअर्सन यांचा एक लेख आला, "बॉम्बेत बनणाऱ्या वूट्झ नावाच्या पोलादा"वर. नमुने पाठवले होते मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी. पोलाद खरं म्हणजे दक्षिणेकडचं, मूळ शब्द कानडी उक्कु. त्यानंतर जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा सुऱ्या-कात्र्यावाला त्याच्यामागे लागला, आणि पुढे त्याच्या जोडीला आला मायकेल फॅरडे, हो, विजेवालाच. दोघांनी पोलादात चांदी, ऱ्होडियम काय काय मिसळून बघितलं, आणि फॅरडेने त्या पोलादाचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले.

असो. मग एवढं कडक पोलाद केसाने बोथट का होतं, केस तर त्याच्यापेक्षा पन्नासेक पट मऊ? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सायन्स नियतकालिकात याचं उत्तर छापलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून ब्लेडची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कड झिजून गोल झाली असेल असं वाटत होतं, निघाले बारीक टवके. केस ब्लेडला सरळ उभा न भेटता वाकला, पोलादाची सूक्ष्म रचना त्या जागी एकसारखी नसली आणि केसाची कड नेमकी तिथेच आली, की टवका उडतो. तिन्ही जुळायला लागतं, म्हणून ब्लेड पहिल्या दिवशीच मरत नाही. त्यांचे प्रयोग आजच्या स्टेनलेस ब्लेडवरचे आहेत, पण आतली रचना तिथेही मार्टेन्साइटच.

यावर एक उपाय बाजारात आहे म्हणे, पिरॅमिड. कारेल द्रबाल नावाच्या चेक माणसाला १९५९ मध्ये चक्क पेटंट मिळालंय, पिरॅमिडमध्ये ब्लेड ठेवलं की धार आपोआप टिकते. पेटंट मिळालं म्हणजे गोष्ट चालते असं नसतं, पण आपल्याकडे वास्तूच्या दुकानात पिरॅमिड विकणारे हीच कथा सांगतात. उडालेला टवका कुठून भरून येणार, पुठ्ठ्यातून?

तर कमी पैशात हा नाद करायचा असेल तर माझं म्हणणं एवढंच की गंज, मूठ, धार सगळं घरी होतं, शंभर वर्षांपूर्वी दिलेलं पाणी मात्र घरी देता येत नाही, म्हणून मोटरला हात लावू नका. दोन-तीनशे रुपयांचं सोनाराचं भिंग घ्या आणि बाजारात धारच तपासा. पाठीवरचा लाल गंज कितीही असू दे, धारेला लागून काळे ठिपके असतील तर ते खोल खड्डे असतात, दगडावर घासत त्यांच्यापर्यंत गेलात की धार तिथेच तुटते. निळा-जांभळा पट्टा दिसला तर सोडून द्या. शेपटावर नुसतं गावाचं नाव आहे की इंग्लंड, जर्मनी असा देशही आहे ते बघा, १८९० च्या अमेरिकन कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे देश असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. मूठ हस्तिदंताची वाटली तर हात लावू नका, वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि मूठ बोटाने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, सुंदर दिसतं पण म्हातारं झालं की नायट्रोजनच्या ऑक्साइडची आम्लधर्मी वाफ सोडतं आणि आपल्याच पात्याला गंजवतं, त्याच्याजवळ काडी तर अजिबात पेटवू नका.

घरी आणल्यावर आधी स्पिरिटने निर्जंतुक करा, हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. मग ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर, आकडा मोठा तितके कण बारीक), पाणी आणि दोन-तीन संध्याकाळी. पेपर नेहमी पाठीकडून धारेकडे न्यायचा, धारेच्या समोरून नाही, मला अंगठ्याला दोन टाके आहेत.

धार लावायला कोन मोजायची गरज नाही, तो पात्यातच बसवलेला आहे. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून सरकवायचं, पाठ ५ मिमी आणि रुंदी १८ मिमी असेल तर कोन आपोआप १६ अंश येतो. फक्त पाठीवर इलेक्ट्रिशियनची टेप चिकटवली तर कोन बदलतो हे लक्षात ठेवा. १००० च्या दगडावर सुरुवात, मग ४०००, मग ८०००, ज्यांना दगड परवडत नाहीत त्यांनी काचेवर लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक घासकण लावलेली प्लास्टिकची पट्टी, चिकटवावी, शेवटची १ मायक्रॉनची. नंतर चामड्याचा पट्टा, इथे मात्र धार मागे आणि पाठ पुढे, उलटं केलंत तर पट्टा कापला जातो. झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, पावसाळ्यात तर रोज.

दीडशेवाल्या वस्तऱ्याचा निळा भाग मी दगडावर झिजवून काढायला बघितला, चार मिलिमीटर गेले तरी धार दोन दाढ्यांच्या वर टिकत नाही. आता तो टेबलाच्या खणात असतो, कुरिअरची पाकिटं फोडायला.