नॉर्टन कमांडो

नॉर्टन व्हिलिअर्स या ब्रिटिश कंपनीची दोन सिलिंडरची स्पोर्ट्स मोटरसायकल. लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात १९६७ मध्ये ती प्रथम लोकांसमोर आली.

गाडी नवी असली तरी इंजिन जुनेच होते. बर्ट हॉपवुड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्टनच्याच डॉमिनेटर या मोटरसायकलसाठी आखलेले ५०० सीसीचे इंजिन वाढवत वाढवत ७४५ सीसीपर्यंत नेलेले होते. त्यात दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. साहजिकच इंजिन जितके मोठे, तितके हादरे जास्त. नॉर्टनच्या आधीच्या ७५० सीसी ॲटलस या गाडीवर हे हादरे थेट हातापायांत उतरत आणि लांबचा पल्ला नकोसा होई.

डॉ. स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी यावर शोधलेला उपाय हेच कमांडोचे खरे वैशिष्ट्य. ‘आयसोलॅस्टिक’ नावाच्या या रचनेत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म (चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) एकत्र जोडून तो सगळा संच रबरी माउंटिंगवर चेसिसमध्ये बसवला होता. नुसते इंजिन रबरावर ठेवले असते, तर त्याच्या हलण्याने चेनचा ताण बिघडला असता. चाकही संचाबरोबरच हलत असल्याने तो प्रश्न उरला नाही. उभ्या गाडीत इंजिन चांगलेच डुलताना दिसते, पण वेग घेतल्यावर स्वाराला हादरे फारसे जाणवत नाहीत. मात्र माउंटिंगच्या बाजूची फट पातळ शिम (चकत्या) घालून नेमकी राखावी लागते: फार घट्ट झाली तर हादरे परततात, सैल झाली तर गाडी वळणावर भरवशाची राहत नाही.

१९७२ च्या ‘कॉम्बॅट’ इंजिनात ताकद वाढवण्याच्या नादात मुख्य बेअरिंग (इंजिनचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, तोलून धरणारी) निकामी होऊ लागली. पुढे ‘सुपरब्लेंड’ बेअरिंगनी तो दोष दूर केला. १९७३ मध्ये ८२८ सीसीचे मॉडेल आले. त्याच वर्षी पीटर विल्यम्स यांनी कमांडोच्याच इंजिनावर आधारलेल्या जॉन प्लेयर नॉर्टन या शर्यतीच्या गाडीवर आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरची फॉर्म्युला ७५० शर्यत जिंकली. इतक्या जुन्या इंजिनासाठी हे मोठेच यश.

बाजारात मात्र होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० १९६९ पासूनच बटण-स्टार्ट आणि डिस्क ब्रेक देत होती. कमांडोला बटण-स्टार्ट मिळाला तो १९७५ मध्ये, कंपनी आर्थिक संकटात असताना. १९७७ च्या सुमारास उत्पादन थांबले. नॉर्टन हे नाव २०२० मध्ये चेन्नईच्या टीव्हीएस मोटरने विकत घेतले.