पाटीतली मुशी आणि शनिवारचा बंद घाणा

गुरुवारी अलिबागच्या मासळी बाजारात गर्दी विरळ असते. कुणी दत्ताचा वार पाळतो, कुणी साईबाबांचा. अशा एका गुरुवारी मी मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा, भाव कोळणीला विचारत होतो. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि मावशींनी न विचारताच मुशी बाजूला सारून त्यांच्यापुढे रावस ठेवला. ते गेल्यावर म्हणाल्या, "इस्रायली हायेत ते. त्यांना खवल्याचाच मासा लागतो."

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य आपल्याकडच्या भाषणांत हमखास येतं. मावशींच्या पाटीसमोर ते टिकत नाही.

मावशींचे 'इस्रायली' म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथंच पुरलं. ते कोकणातल्या गावांत पांगले, गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले, तेलाचे घाणे चालवू लागले. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती एवढं मात्र राहिलं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागलं.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. केव्हा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही शतकांचं अंतर पडतं. कथा अशी, की हे आपलेच लोक आहेत का हे पाहायला त्याने बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला काढले. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातला नियम हाच. त्याची खात्री पटली. तोराचाच दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा, त्यामुळे या घरांत मटणाला दुधादह्याऐवजी नारळाचा रस. कोकणात राहून यात त्यांना काही गमवावं लागलं नाही, हेही खरं.

चौलच्या बंदरात अरब व्यापारी आले ते वेगळा नियम घेऊन. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसुदी हा प्रवासी इथे आला होता. सैमूर, म्हणजे आपलं चौल. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. हा इस्लाम समुद्रावरून आला, खैबर खिंडीतून नव्हे. म्हणूनच कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि देशातले बहुतेक सुन्नी हनफी; या दोन्ही इस्लामी धर्मशास्त्राच्या शाखा. फरक कागदी वाटेल, पण तो ताटात दिसतो. हनफींच्या मते समुद्रातला फक्त मासा हलाल. कोळंबीला मासा म्हणावं का, यावर त्यांच्या विद्वानांत वाद. शाफई मतात माकूल, तिसऱ्या, कोळंबी सगळं चालतं. दुपारनंतरच्या असरच्या नमाजाची वेळसुद्धा शाफईंची आधी सुरू होते.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती पोर्तुगीज मिसळीची बोली बोलतात, तिला 'नो लिंग', आपली भाषा, म्हणतात. त्यांच्या धर्माने कोणताच जीव मुळात निषिद्ध ठेवला नाही. उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. हिंदूंचं याच्या उलट: श्रावणात, सोमवारी, एकादशीला मासळीच बंद. म्हणजे यहुद्याचा नियम जिवावर, ख्रिस्त्याचा प्रायश्चित्तावर, हिंदूचा वारावर आणि जातीवर. सारस्वताला मासा चालतो, चित्पावनाला नाही. देव दोघांचे तेच.

मला वाटतं, बेने इस्रायल निर्धास्त राहिले ते या जातीच्या चौकटीमुळे. एकच देव, मूर्ती नाही, असं मानणारा हा निराळा धर्म आहे हे गावाला कळलंच नाही. प्रत्येक जातीचं काही ना काही पाळणं असतं, यांचं शनिवार, एवढ्यावर भागलं. त्यांच्यातही गोरे आणि काळे असे भेद पडले, तेही या मातीचंच.

तीच चौकट महाडला बघा. चवदार तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरू शकत. गावच्याच अस्पृश्यांना मज्जाव. नगरपालिकेने 1924 साली तळं खुलं करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर ओंजळीने पाणी प्यायले, त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. तेव्हा कोकणात नुसता धर्म विचारून भागत नव्हतं; माणूस कुठल्या रकान्यात बसवलाय, हे पाहावं लागे.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली आणि पिढ्यांची चौकशी करायचं ठरवलं. कोकणात कधी न झालेलं भांडण तिथं झालं, लोक आंदोलनाला बसले. 1964 मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं इस्रायल सरकारने जाहीर केलं. राहाबीने मात्र कुणाची वंशावळ मागितली नव्हती, फक्त मासळी निवडायला दिली होती.