पार्श्वभूमी : सीएनजीचा सिलिंडर पूर्ण का भरत नाही

कोळशाच्या वायूच्या जमान्यात साठवणीच्या टाकीचं झाकण पाण्यात तरंगत असे. वायू आला की झाकण वर चढे, दाब जवळपास तोच राही. सिलिंडरचं उलट : जागा कायम, दाब बदलता. 1998 नंतरच्या काही वर्षांत दिल्लीच्या बसगाड्या आणि मुंबईतल्या जुन्या टॅक्सी न्यायालयीन आदेशांमुळे सीएनजीकडे वळल्या, तेव्हापासून '200 बार' (म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाब) रिक्षावाल्यांच्याही तोंडी बसलं.

वाद याच आकड्याचा आहे : 200 बारला सिलिंडर खरंच पूर्ण भरतो का? 60 लिटरच्या सिलिंडरला सर्रास '10 किलोचा' म्हणतात. 15 अंश सेल्सिअसला आणि 200 बारला एका लिटरच्या जागेत साधारण 165 ग्रॅम मिथेन (सीएनजीतला मुख्य वायू) बसतो, म्हणून ते बरोबरच आहे. रेणूंमधली ओढ न धरणाऱ्या, 'आदर्श वायू'च्या सूत्राने हिशेब केला तर जेमतेम 8 किलो येतात. एवढ्या दाबाला रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे वायू जास्त मावतो. पण पंपावर सुमारे 250 बारच्या कॅस्केडमधून (साठ्याच्या सिलिंडरांच्या संचातून) वायू झपाट्याने आत घुसतो, आधीच्या वायूला दाबतो आणि तापतो. आतलं तापमान 55 अंशांवर गेलं, तर 200 बारला 8 किलोच बसतात. पुढे सिलिंडर 30 अंशांपर्यंत निवला की काटा 170-175 बारवर उतरतो, आणि 'गॅस कमी दिला' ही तक्रार सुरू होते.

ही तक्रार पैशांपुरती चुकीची आहे. मीटर वायूचं वस्तुमान मोजतो, दाब नाही. जेवढे किलो गेले तेवढ्याचंच बिल होतं. तोटा होतो तो पल्ल्याचा, आणि पुन्हा रांगेत उभं राहण्याचा. तापमान जमेस धरून गरम वायू 200 च्या वर भरायचा आणि निवल्यावर तो 200 वर स्थिरावू द्यायचा, ही पद्धत परदेशी मानकांत आहे. आपल्याकडे सरसकट 200 ला तोडतात. रस्त्यावरच्या कित्येक सिलिंडरांची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकलेली असताना ही सावधगिरी रास्तच आहे. आधी पाटीवरची टेस्टची तारीख काटेकोर पाहिली जावी, मग दाब वाढवावा.

डॉटर स्टेशनचं, म्हणजे पाइपलाइन नसलेल्या पंपाचं, दुखणं वेगळं. तिथे ट्रकवरून आलेल्या कॅस्केडचा दाब उतरत जातो. दाब वाढवणारा बूस्टर कमी पडला तर शेवटच्या गाड्यांना 150 बारही मिळत नाही.

इंजिनापर्यंत येताना रेग्युलेटर हा दाब मोजक्या काही बारवर आणतो. एवढ्या प्रसरणाने तो गोठू नये म्हणून त्याच्याभोवती कूलंटचं गरम पाणी फिरवतात. कूलंट कमी असेल तर गाडी झटके देते. हवेत मिसळताना मिथेन मिश्रणाची साडेनऊ टक्के जागा घेतो, तेवढी हवा कमी येते आणि चढावर ताकद कमी पडते. मिथेनचा ऑक्टेन (ठोका न देता दाब सोसण्याची क्षमता) 120 च्या वर असल्याने जास्त कॉम्प्रेशनने ही तूट भरून निघाली असती, पण त्याच इंजिनाला पेट्रोलवरही चालायचं असतं.