कडाक्याच्या थंडीत जुना पिकअप ट्रक सुरू करणे

अलास्कातील फेअरबँक्स, कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा किंवा अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या भागांत हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसखाली जाणे नवलाचे नाही. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचे हे संगणक ठरवतो. कार्बुरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाचा) किंवा जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाचा पिकअप मात्र चालवणाऱ्याच्या हातापायांवर आणि कानावर अवलंबून असतो. त्यातही खरे काम किल्ली फिरवताना होत नाही, ते आदल्या रात्रीच झालेले असावे लागते.

थंडीत तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. तिसरी अडचण इंधनाची: गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून अशा प्रदेशात बॅटरी घेताना तिच्यावरचा 'कोल्ड क्रँकिंग अँपिअर' हा आकडा पाहतात. उणे १८ अंशांत १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, किती प्रवाह देईल ते या आकड्यावरून कळते. तेलही हिवाळ्यापुरते पातळ, ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ श्रेणीचे भरतात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकी पेट्रोल पिकअपमध्ये कार्बुरेटर सर्रास होता. त्याच्या ऑटोमॅटिक चोकमध्ये, म्हणजे थंडीत हवा कमी करून मिश्रण दाट करणाऱ्या झडपेत, तापमानानुसार वळणारी द्विधातूची गुंडाळी असते, पण ॲक्सलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडल्याशिवाय चोक लागत नाही. त्याच दाबाने कार्बुरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. फार गारठा असेल तर दोनदा दाबावे. गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबलेला, दिवे आणि हीटरचा पंखा बंद. मग एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि पुन्हा मारण्याआधी मिनिटभर थांबावे, म्हणजे स्टार्टर गार होतो आणि बॅटरीही थोडी सावरते. पेट्रोलचा भपकारा आला तर इंजिन ओव्हर झाले असे समजावे. अशा वेळी ॲक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की चोक उघडतो आणि जादा पेट्रोल निघून जाते. इंजिन लागल्यावर क्लच झटक्यात सोडू नये. गिअरबॉक्समधले तेल इतके घट्ट असते की न्यूट्रलमध्येही त्याच्या ओढीने इंजिन बंद पडते.

डिझेलची गोष्ट वेगळी. त्यात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटते आणि थंड सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो. फोर्डच्या पिकअपमध्ये १९८३ पासून आलेल्या ६.९ लिटर आणि नंतरच्या ७.३ लिटर इंजिनांत ग्लो प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर विजेने तापवणारे प्लग, आहेत. डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. १९८९ पासून डॉजमध्ये बसवलेल्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनात ग्लो प्लग नाहीत, आत येणारी हवाच तापवली जाते. दोन्ही प्रकारांत इंजिन चटकन पेटावे म्हणून ईथर या ज्वालाग्राही द्रवाचा फवारा मारणे घातक आहे. तापलेल्या भागावर ईथर अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो. डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून हिवाळ्यात पंपावर पातळ 'क्रमांक १' डिझेल किंवा त्याचे मिश्रण मिळते.

या सगळ्यापेक्षा गुणकारी उपाय म्हणजे ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेने गरम ठेवणारा हीटर. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिनाच्या हेडबोल्टच्या जागी बसणारा विजेचा हीटर बनवला. त्याचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. पुढे इंजिनातले शीतक (कूलंट) तापवणारे हीटर रूढ झाले. म्हणूनच त्या भागात गाडीच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतो आणि वाहनतळावर खांबाखांबाला सॉकेट असतात. अल्बर्टात नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ही विजेवरची गाडी वाटू शकते. हीटर रात्रभर लावायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास दिले तरी पुरतात.

काही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासही गोठू शकते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जंप केबल लावली तर ती फुटू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शीतकात पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे निम्मे असले तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांलाच गोठते. त्यामुळे जास्त ओतले की जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

भारतात हा प्रश्न लडाखमध्ये येतो. द्रास, कारगिलकडच्या जुन्या पिकअपच्या डिझेल टाकीखाली जाळ करून इंधन वितळवण्याची रीत होती. त्यात आगीचा धोका उघड आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. त्याने इंधनाची अडचण सुटते, पण बॅटरी आणि तेलाची तयारी चालकालाच करावी लागते.