रसद तोडल्यावर यकृतातल्या गाठीत काय घडतं?

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. आतड्यांकडून अन्नरस घेऊन येणारी पोर्टल व्हेन जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त पुरवते, उरलेलं यकृताच्या धमनीतून येतं. ऑक्सिजन मात्र दोघींकडून साधारण निम्मा-निम्मा मिळतो. निरोगी यकृतपेशी या दोन्हींवर पोसतात. यकृतातच उपजलेली कर्करोगाची गाठ मोठी होत जाते, तशी धमनीकडून स्वतःसाठी नव्या वाहिन्या फोडून घेते आणि जवळपास सगळी तिच्यावरच जगते. ब्रीडिस आणि यंग यांनी १९५४ मध्ये यकृतातल्या गाठींच्या रक्तपुरवठ्याचं हे वेगळेपण मांडलं. म्हणजे धमनीची नेमकी फांदी बंद केली, तर गाठ उपाशी राहील आणि यकृत पोर्टल व्हेनवर तग धरेल. पोर्टल व्हेनच गुठळीने पुरती बंद असेल, तर मात्र हाच उपचार यकृताच्या जिवावर बेतू शकतो.

जपानमध्ये रिउसाकु यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा उपाय रुग्णांवर वापरायला सुरुवात केली. आज त्याला 'टेस' म्हणतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती गाठीच्या फांदीपर्यंत नेतात, तिथे केमोथेरपीचं औषध सोडतात आणि मागोमाग जिलेटिनचे कण किंवा सूक्ष्म मणी सोडून वाट बुजवतात. पोट उघडावं लागत नाही. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ होते.

खरी गोष्ट पेशींच्या आत घडते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचे, साधारण ३० रेणू मिळतात. ऑक्सिजनशिवाय फक्त २. त्यात ग्लुकोजही रक्तातूनच यायचं, आणि तेही आटलेलं. साचलेलं लॅक्टिक आम्ल वाहून न्यायलाही कोणी नाही. पेशीच्या पटलावरचे सोडियम बाहेर फेकणारे पंप ऊर्जेअभावी थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. गाठीचा मोठा भाग असा मरून जातो.

पण सगळ्या पेशी मरत नाहीत. कडेच्या पेशींना शेजारच्या वाहिन्यांतून थोडाफार ऑक्सिजन झिरपत मिळतो, आणि इथे पेशीची एक जुनी, विलक्षण यंत्रणा जागी होते. एचआयएफ नावाचं प्रथिन पेशी सतत बनवत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल, तर त्याच ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याच्यावर खूण केली जाते आणि ते काही मिनिटांत नष्ट होतं. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. कॅलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना या उलगड्यासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. उंच पहाडावर आपल्याला तगवणारी ही सोय कर्कपेशीच्याही कामी येते, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं. ती ग्लुकोज जास्त ओढू लागते आणि व्हीईजीएफ हा निरोप बाहेर धाडते: इकडे नव्या रक्तवाहिन्या आणा.

काही पेशी आणखी वेगळी वाट धरतात. विभाजन थांबवून त्या गप्प पडून राहतात, स्वतःचेच जुने भाग मोडून त्यांवर गुजराण करतात. केमोथेरपीची बरीच औषधं विभाजन होणाऱ्या पेशींवर चालतात, त्यामुळे या निजलेल्या पेशी त्यांच्या तावडीतून निसटतात.

म्हणून हा उपचार कुचकामी ठरतो का? मुळीच नाही. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांचं आयुष्य त्याने वाढतं हे दाखवलं. बार्सिलोनाच्या चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ६३ टक्के होतं, हा उपचार न मिळालेल्या गटात २७ टक्के. आता भर आहे तो निसटलेल्या पेशींवर. एमराल्ड-१ या चाचणीत टेसला व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब आणि प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारं डुरव्हॅलुमॅब यांची जोड दिली, तेव्हा आजार पुन्हा पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ ८.२ महिन्यांवरून १५ महिन्यांवर गेला.

टेसनंतर चारेक आठवड्यांनी सीटी किंवा एमआरआय करतात. शिरेतून दिलेला, रक्त पोचेल तिथे चित्रात उजळणारा द्राव धमनीतून यकृतात पोचतो त्या काही सेकंदांत मेलेला भाग काळाच राहतो. डॉक्टरांची नजर असते ती त्याच्या कडेवर, एखादा जिवंत तुकडा अजून उजळतोय का यावर. उजळला, तर त्या फांदीकडे नळी पुन्हा न्यायची का, याचा विचार तिथून सुरू होतो.